क्रांती चौकातील शौर्य आणि स्त्री : लोकसंस्कृतीतील वीरकल्पनेचा धम्मदृष्टीने विचार

समाजाचा इतिहास जसा ग्रंथांत असतो, तसाच तो पोवाड्यांत, गाण्यांत, चित्रपटांत, दिनदर्शिकेवरील चित्रांत आणि चौकाचौकांतील पुतळ्यांतही असतो. ग्रंथ थोडे लोक वाचतात. गाणे मात्र अक्षरओळख नसलेल्या मातेच्या कानीही पोहोचते. म्हणून शूर कोणास म्हणावे, पुरुषाने काय केले म्हणजे तो वीर ठरतो आणि स्त्रीला शौर्याच्या कथेत कोणती जागा द्यावी, हे प्रश्न बहुधा इतिहासकार सोडवीत नाहीत. ते गाणे सोडविते, चित्र सोडविते. प्रस्तुत लेखात आम्ही आपल्याच शहरातील क्रांती चौकापासून प्रारंभ करून या प्रश्नाचा विचार करणार आहोत. हा विचार इतरांच्या लोकसंस्कृतीपुरता मर्यादित नाही. आपल्या आंबेडकरी चळवळीची गाणी व आपल्या घरांतील चित्रे यांनाही तोच प्रश्न विचारणे आम्हांस आवश्यक वाटते.

चौकातील शौर्य

औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, या शहराच्या मध्यभागी क्रांती चौक आहे. जून १८५७ मध्ये हैदराबाद कंटिन्जंटच्या येथील घोडदळातील शिपायांनी बंडाचे निशाण उभारले. पुण्याहून आलेल्या इंग्रजी फौजेने ते बंड मोडून काढले आणि पकडलेल्या शिपायांना देहान्ताच्या शिक्षा दिल्या. ज्या जागेशी ही स्मृती निगडित आहे, तिला जुने लोक ‘काळा चबुतरा’ म्हणून ओळखतात. चौकाला ‘क्रांती’ हे नाव त्या स्मृतीतून लाभले आहे. याच चौकात छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. २०२२ साली जुन्या पुतळ्याच्या जागी अधिक भव्य पुतळा उंच चौथऱ्यावर उभारण्यात आला. शहरातील बहुतेक मोठे मोर्चे येथूनच निघतात आणि आंबेडकरी जनतेच्या मोर्चांनीही हा चौक अनेकदा पाहिला आहे.

शिवरायांच्या थोरवीविषयी आमच्या मनात लेशमात्र शंका नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ साली शिवरायांवर पोवाडा रचला आणि त्यांना शेतकऱ्यांचा राजा म्हणून लोकांपुढे उभे केले. आमचा प्रश्न पुतळ्याविषयी नसून, असा पुतळा पाहून मनात जी सर्वसाधारण कल्पना रुजते तिच्याविषयी आहे. घोडा, तलवार, ताणलेली छाती, उंच चौथरा, इतके जमले की वीर तयार झाला, असे लहान मुलाला वाटू लागते. शिवरायांचे राज्यव्यवस्थेतील काम, रयतेच्या पिकाची त्यांनी घेतलेली काळजी, शत्रूपक्षाच्या स्त्रियांच्या सन्मानाविषयीची त्यांची कडक शिस्त या गोष्टी घोड्यावर बसवून दाखविता येत नाहीत. त्यामुळे त्या मागे पडतात आणि केवळ तलवार उरते. थोर पुरुषाचे चरित्र अशा रीतीने संकोच पावते, आणि त्याच्या जवळ उभ्या राहिलेल्या स्त्रीचे चरित्र तर त्याहूनही अधिक.

जिजाऊंचेच उदाहरण घ्यावे. पुण्याची जहागीर सांभाळणारी, न्यायनिवाडा करणारी, राज्यकारभार जाणणारी ही स्त्री लोकप्रिय कथेत प्रामुख्याने मुलाला गोष्टी सांगणारी माता म्हणून उरते. हिरकणीची कथाही तशीच आहे. रायगडाचा कडा उतरून जाणे हे असामान्य धाडस होय. परंतु ते धाडस मान्य होते ते तान्ह्या बाळासाठी केले म्हणून. एस.टी.च्या गाडीला हिरकणीचे नाव मिळाले, बसस्थानकावरील स्तनदा मातांच्या खोलीला हिरकणी कक्ष म्हणू लागले, २०१९ साली तिच्यावर चित्रपटही आला. मातृत्वाचा हा गौरव योग्यच आहे. तथापि हिरकणी जर बाळासाठी नव्हे तर स्वतःच्या हक्कासाठी कडा उतरली असती, तर तिच्यावर कोणी पोवाडा गायला असता काय, हा प्रश्न उरतोच.

उसने नाव

स्त्री प्रत्यक्ष शस्त्र घेऊन उभी राहते तेव्हा काय होते? तेव्हा लोकसंस्कृती तिला नाकारीत नाही. तिला पुरुष ठरविते. झाशीच्या राणीविषयी हिंदी कवितेने रूढ केलेला ‘मर्दानी’ हा शब्द सर्वांना परिचित आहे. शूर स्त्री म्हणजे मर्दासारखी स्त्री. २०१४ साली एका स्त्री पोलीस अधिकाऱ्याची कथा सांगणारा हिंदी चित्रपट निघाला, त्याचेही नाव ‘मर्दानी’ असेच होते. दीडशे वर्षांत काळ बदलला, शस्त्र बदलले, गणवेश आला. शब्द मात्र तोच राहिला.

आमच्या मराठवाड्यातील उदाहरण अधिक बोलके आहे. निजामी राजवटीविरुद्धच्या मुक्तिसंग्रामात धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके पुरुषी वेश करून, शस्त्र हाती घेऊन रझाकारांशी लढल्या. शेतकरी घरातील या स्त्रीने केलेले काम तिचे स्वतःचे होते. परंतु लोकांनी तिला नाव दिले ते ‘मराठवाड्याची झाशीची राणी’. हे नाव प्रेमाने दिलेले आहे, यात संशय नाही. तरीही त्याचा अर्थ असा होतो की, खेड्यातील स्त्रीला आपल्या नावाने शूर होता येत नाही. तिला एका राणीचे नाव उसने घ्यावे लागते. पुरुषांच्या बाबतीत असे क्वचितच घडते.

राणीच्या कथेतही हाच भेद आतून काम करतो. झाशीच्या लढ्यातील कोरी समाजाची झलकारीबाई उत्तर भारतातील दलित-बहुजन समाजाने आपल्या स्मृतीत जपली. पुस्तिका, नाटके, जत्रा आणि सभा यांतून तिचे नाव गावोगाव गेले. २००१ साली तिच्या नावाचे टपाल तिकीट निघाले आणि २०१९ च्या ‘मणिकर्णिका’ या चित्रपटात तिची व्यक्तिरेखा पडद्यावर आली. पण त्या पडद्यावरही ती राणीची सावली म्हणूनच वावरते. जात आणि लिंग असे दोन उंबरठे जिला ओलांडावे लागतात, तिच्या वाट्याला लोकप्रिय इतिहासात येते ती दुय्यम भूमिका.

भाषाही येथे साक्ष देते. मराठीत ‘वीरमाता’ आहे, ‘वीरपत्नी’ आहे. परंतु ‘वीरपती’ हा शब्द कोणी ऐकला आहे काय? ‘मर्दुमकी’ म्हणजे शौर्य, ‘पुरुषार्थ’ म्हणजे कर्तृत्व. आणि ‘बायकी’ म्हणजे दुबळे. भित्र्या माणसाला ‘बांगड्या भर’ असे म्हणण्याची रीत आपल्या वस्त्यांतूनही गेलेली नाही. ज्या हातांनी बांगड्या भरल्या त्याच हातांनी कापडगिरण्या चालविल्या, खडी फोडली आणि सत्याग्रहात झेंडा धरला, याचा आपणांस विसर पडतो.

आपल्या गाण्यांतील रमाई

आता आपल्या घराकडे वळू. आंबेडकरी जलशाने लोककलेत मोठी क्रांती केली हे निर्विवाद आहे. तमाशातील गवळण, तीतील कृष्णाची छेडछाड, स्त्रीदेहावरील शृंगारिक विनोद हे सर्व जलशाने बाजूला सारले आणि त्या जागी शिक्षण, स्वाभिमान व संघटना यांचा संदेश आणला. भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी हे कार्य खेड्यापाड्यांत नेले. पुढे वामनदादा कर्डक यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून भीमगीतांना अफाट लोकमान्यता मिळवून दिली. तरीही प्रारंभीच्या जलशांत स्त्रीची भूमिका पुरुषच करीत असत, हे विसरता येत नाही. स्त्रीविषयी बोलले गेले. स्त्री मात्र रंगमंचावर बोलली नाही. आज आपल्याच शहरातील कडूबाई खरात एकतारीवर भीमगीत गातात आणि त्यांचा आवाज मोबाईलवरून घरोघरी पोहोचतो, हा बदल लहान नव्हे.

परंतु गाण्यातील आशय किती बदलला? आपल्या गीतांतील रमाईचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. गोवऱ्या थापणारी, उपाशी राहणारी, लेकरांचे मृत्यू सोसणारी, आणि हे सर्व मुकाट्याने करणारी रमाई ऐकून आमचे डोळेही पाणावतात. हे चित्र खोटे नाही. बाबासाहेब परदेशात शिकत असताना रमाईंनी भीषण दारिद्र्यात संसार चालविला, मुले गमावली आणि २७ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. पण जे खरे आहे ते संपूर्ण आहे असे नाही. बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयीचा आपला ग्रंथ रमाईंच्या स्मृतीस अर्पण केला, तेव्हा त्या एकाकी व कठीण दिवसांत त्यांनी दाखविलेल्या धैर्याची त्यांनी कृतज्ञतेने नोंद केली. बाबासाहेबांना जेथे धैर्य दिसले, तेथे आपल्या गाण्याला केवळ अश्रू दिसले. बाबासाहेबांचे सोसणे आपण संघर्ष म्हणून गातो. रमाईंचे सोसणे मात्र त्याग म्हणून गातो. एकाच घरातील, एकाच लढ्यातील हे दोन सोसणे होते. त्यांना दोन वेगळी नावे कोणी दिली?

या भेदाचा परिणाम आजच्या मुलींवर होतो. नागसेनवनात शिकणारी मुलगी प्रत्येक जयंतीला ऐकते की, तिने रमाईसारखे व्हावे. तिचा भाऊ ऐकतो की, त्याने भीमासारखे व्हावे. म्हणजे भावाने शिकावे आणि बहिणीने झिजावे, असाच अर्थ दोघांच्या मनात नकळत उतरतो. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या महिला परिषदेस सुमारे २५,००० स्त्रिया उपस्थित होत्या. पत्नीने पतीची मैत्रीण व बरोबरीची सहकारी व्हावे, दासी होऊ नये, असा उपदेश तेथे बाबासाहेबांनी केला होता. तो उपदेश गाण्यांत फारसा उतरला नाही. परिषदेतील स्त्रियांवर किती गीते रचली गेली, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

नामांतराची यादी

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटविल्या गेल्या. १९७९ च्या नोव्हेंबरात नागपूरच्या दीक्षाभूमीवरून प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च औरंगाबादच्या दिशेने निघाला. सुमारे सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. पोचिराम कांबळे, जनार्दन मवाडे, गौतम वाघमारे ही नावे आज प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याच्या ओठांवर आहेत आणि ती असलीच पाहिजेत.

त्याच शहिदांच्या यादीत प्रतिभा तायडे, सुहासिनी बनसोड, संगीता बनसोड ही नावेही आहेत. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी अभिवादनास जाताना आम्ही अनेक तरुणांना शहिदांची नावे विचारीत आलो आहोत. पुरुषांची तीन-चार नावे तत्काळ सांगितली जातात. स्त्रीचे नाव सांगताना मात्र तरुण थांबतो, आणि बहुधा तरुणीही थांबते. यात त्यांचा दोष नाही. यादी आहे, पण त्या नावांचे गाणे नाही. आणि ज्याचे गाणे नाही ते स्मरणात राहत नाही.

शहिदांपलीकडेही पाहिले पाहिजे. वस्तीवर हल्ला झाला त्या रात्री मुलांना घेऊन शेतांतून वाट काढणारी स्त्री, जळलेल्या घरात परत येऊन चूल मांडणारी स्त्री, सत्याग्रहात तुरुंगात जाणारी स्त्री यांच्या धैर्याला आपण कोणते नाव दिले? १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहातही स्त्रिया कडेवर मूल घेऊन तुरुंगात गेल्या होत्या. १९८९ साली ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या आठवणी गोळा केल्या. वृद्ध कार्यकर्त्या हयात असताना त्यांच्या दारी जाऊन हे काम केले गेले, म्हणून ते शक्य झाले. त्या ग्रंथाच्या नावातील ‘आम्हीही’ या शब्दातील ‘ही’ हे एक अक्षर आपल्या सर्व इतिहासलेखनावरील टीका आहे.

वीर्य पारमिता

बौद्ध परंपरेत वीर कोण? पालीतील ‘विरिय’ म्हणजे अविरत उद्योग, न डगमगता केलेला प्रयत्न. दहा पारमितांत तिची गणना होते आणि बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तिला स्थान दिले आहे. हा शब्द ‘वीर’ याच मुळातून आला. बौद्ध विचाराने तो रणांगणावरून उचलून मनाच्या साधनेत आणला आणि भिक्खू व भिक्खुणी, उपासक व उपासिका या सर्वांना समान रीतीने लागू केला. मराठीत मात्र ‘वीर्य’ या शब्दाचा अर्थ आक्रसत आक्रसत केवळ पुरुषाच्या देहधर्मापुरता उरला. एका शब्दाच्या या प्रवासात शौर्य हे पुरुषाच्या शरीरात कसे कोंडले गेले, याचा सारा इतिहास आहे.

बाबासाहेबांनी सांगितलेले सिद्धार्थाचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करण्याचा प्रस्ताव शाक्य संघापुढे आला तेव्हा सिद्धार्थाने त्यास विरोध केला. बहुमत विरुद्ध गेले. त्याने सैन्यात भरती होण्यास नकार दिला आणि कुटुंबावर संकट येऊ नये म्हणून स्वतः परिव्रज्या पत्करली. क्षत्रिय तरुणाने शस्त्र न उचलणे हेच त्याचे शौर्य होते. आणि यशोधरा? दिनदर्शिकेवरील चित्रात ती बाळाला कुशीत घेऊन झोपलेली असते आणि राजपुत्र मध्यरात्री हळूच निघून जातो. बाबासाहेबांच्या ग्रंथातील यशोधरा झोपलेली नाही. ती पतीचा निर्णय ऐकते, भावना आवरते, त्यास संमती देते आणि मागे राहणाऱ्यांची जबाबदारी स्वीकारते. बाबासाहेबांचा हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतरही आपल्या कित्येक घरांच्या भिंतींवर यशोधरा अद्याप झोपलेलीच आहे. ग्रंथावर चित्राने केलेली मात याहून स्पष्ट दिसणार नाही.

थेरीगाथेत ७३ थेरींची रचना संग्रहित आहे. त्यांतील पुण्णा ही पाणी भरणारी दासी. कडाक्याच्या थंडीत पापक्षालनासाठी नदीत उतरलेल्या ब्राह्मणाला ती विचारते की, पाण्याने शुद्धी होत असती तर बेडूक आणि कासवे केव्हाच स्वर्गात गेली नसती काय? तिच्या हाती तलवार नव्हती, डोक्यावर पाण्याचा घडा होता. वर्णाने, लिंगाने आणि दास्याने तिघींकडून दडपलेल्या या स्त्रीने केवळ प्रश्न विचारून ब्राह्मणास निरुत्तर केले. आपल्या शहरातील महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनाचे. मिलिंद हा लढवय्या राजा होता. तो आपल्या स्मरणात राहिला तो जिंकलेल्या मुलखामुळे नव्हे, तर विचारलेल्या प्रश्नांमुळे. पुण्णा आणि मिलिंद, दासी आणि राजा, या परंपरेत एकाच मापाने मोजले जातात.

ज्यांना हे डोळ्यांनी पाहावयाचे आहे त्यांनी विद्यापीठाच्या मागील डोंगरातील बौद्ध लेणी अवश्य पाहावीत. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर जवळजवळ पूर्णाकृती असे उपासक आणि उपासिका गुडघे टेकून बसलेले आहेत. स्त्री-पुरुष एकाच रांगेत, एकाच आदराने. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराचे भव्य शिल्प आहे. अग्नी, चोर, बंधन, बुडणारी नौका, सिंह, सर्प, हत्ती आणि मृत्यू या आठ भयांनी ग्रासलेली माणसे त्याच्याकडे धाव घेत आहेत. तो उभा आहे, पण त्याच्या हाती शस्त्र नाही. त्याच लेण्याच्या गर्भगृहात एक नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्ये वाजविणाऱ्या स्त्रिया कोरल्या आहेत. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराने रक्षण करणारा वीर करुणेच्या रूपात घडविला, आणि स्त्रीच्या कलेला बुद्धाच्या सन्निध जागा दिली. हीही लोकांसाठी केलेली कलाच होती. तिनेही पाहणाऱ्याचे मन घडविले असणार.

आमचे नम्र निवेदन

क्रांती चौक आणि ही लेणी यांत काही किलोमीटरचेच अंतर आहे. एकाच शहराने शौर्याची दोन चित्रे जपली आहेत. पहिल्याचा द्वेष करण्याचे कारण नाही. परंतु दुसऱ्याचा विसर पडू देणे हा आपलाच प्रमाद होय. लोकसंस्कृती बदलत नाही, असे मानणेही चूक आहे. जोतीरावांनी पोवाड्याचा आशय बदलला, जलशाने तमाशाची चौकट मोडली. ज्या समाजाने हे केले, त्याला आपल्या गाण्यांतील स्त्रीही बदलता येईल.

त्यासाठी काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. नामविस्तार दिनी शहिदांची यादी वाचताना स्त्रियांची नावे गाळू नयेत, घाईने उरकू नयेत. आपल्या शाहिरांनी आणि गायिकांनी प्रतिभा तायडे व सुहासिनी बनसोड यांची नावे गाण्यात आणावीत. रमाईवरील गीतांत अश्रूंबरोबर त्यांच्या निर्णयशक्तीलाही जागा मिळावी. विहारातील धम्मवर्गात मुलामुलींना पुण्णेची कथा एकत्र बसवून सांगावी आणि ‘बांगड्या भर’ हा वाक्प्रचार विहाराच्या आवारात तरी उच्चारू नये. नामांतर लढ्यात तुरुंगात गेलेल्या ज्या माता आज वृद्ध झाल्या आहेत, त्यांच्याकडे आपल्या मुलींना पाठवून त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. हे शेवटचे काम सर्वांत निकडीचे आहे; कारण पुतळा उद्याही उभारता येतो, पण आज न लिहिलेली आठवण उद्या लिहिता येणार नाही.